सदनिका एकाची, दर्शनी भाग साऱ्यांचा
मुंबईच्या सागरतीरावरील आर्ट डेको घरांची खरेदी-विक्री आणि त्यामागील इतिहास

मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेला किंवा मरीन ड्राइव्हवर समुद्रासमोर उभ्या असलेल्या जुन्या इमारतींतील एखादी सदनिका विक्रीला निघाली, की तिचे वर्णन ठरावीक शब्दांत केले जाते: उंच छत, सागवानी दारे-खिडक्या, सी-फेसिंग, हेरिटेज इमारत. या वर्णनात खोटे काही नसते. परंतु खरेदीदाराच्या हाती नेमके काय पडणार आहे, याचा उलगडा त्यातून होत नाही. नव्या मनोऱ्यातील फ्लॅट आणि ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची सदनिका यांतील अंतर केवळ वयाचे नाही, कारण जुन्या सदनिकेच्या बाबतीत हक्काचे स्वरूप वेगळे असू शकते, जमिनीचा मालक तिसराच असू शकतो, दुरुस्तीचा भार अनेकांत विभागलेला असतो, आणि ज्याच्यामुळे त्या घराला ऐतिहासिक म्हणायचे तो दर्शनी भाग विकणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचा कधीच नसतो. किंमत एकजण मोजतो. ज्या गुणासाठी ती मोजली जाते तो गुण मात्र इमारतींच्या संपूर्ण रांगेने मिळून घडवलेला असतो. महागड्या ऐतिहासिक घरांच्या व्यवहारातील बहुतेक गुंतागुंत या एका विसंगतीतून निर्माण होते, आणि ती समजून घ्यायची तर सुरुवात घरापासून न करता ज्या जमिनीवर ते उभे आहे तिथून करावी लागते.

समुद्रातून आलेली जमीन

मरीन ड्राइव्हची जमीन मुळात जमीन नव्हतीच. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा १८६० च्या दशकात मुंबईच्या कापसाला अवाच्या सवा भाव आला आणि त्या पैशाच्या जोरावर बॅक बेचा उथळ समुद्र भरून काढण्यासाठी कंपनी उभी राहिली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, त्यासरशी शेअर बाजारही गडगडला आणि भरावाची योजना बुडाली. पुढे अर्ध्या शतकाने, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, सरकारने हे काम स्वतः हाती घेतले. परंतु खर्चाचे अंदाज चुकले, भराव ठरल्या वेळेत झाला नाही आणि वकील व राजकीय नेते खुरशेद फ्रामजी नरिमन यांनी या कारभारावर इतकी कठोर टीका केली की हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. योजनेतील आठ विभागांपैकी निम्मेच पुरे झाले. ज्या चर्चगेट स्ट्रीटला पुढे याच नरिमन यांच्यावरून वीर नरिमन मार्ग असे नाव मिळाले, तो रस्ता याच भरावावरून मरीन ड्राइव्हला जाऊन मिळतो.

या नव्या जमिनीवरील अनेक भूखंड सरकारने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. भाडेपट्टा म्हणजे जमिनीची मालकी आपल्याकडे ठेवून ती ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक अटींवर वापरायला देण्याचा करार होय. सरकार जमीनमालक असल्यामुळे इमारतींची उंची किती असावी, रस्त्यापासून किती अंतर सोडावे आणि शेजारच्या इमारतीशी ती कशी जुळावी, याविषयीचे नियम भूखंडाबरोबरच लागू झाले. मरीन ड्राइव्हच्या वळणावरून दिसणारी एकसारख्या उंचीची सलग रांग ही कोणा एका वास्तुविशारदाच्या प्रतिभेची निर्मिती नाही; वेगवेगळे मालक आणि वेगवेगळे आराखडे असूनही ती जुळून आली, याचे श्रेय बऱ्याच अंशी या नियमांना द्यावे लागते. म्हणूनच या रांगेतील एखादी इमारत मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवली, तर तिचे निम्मे मोल तिथेच राहून जाईल.

एका शैलीचे भारतीय रूप

या इमारती ज्या शैलीत बांधल्या गेल्या तिला आर्ट डेको म्हणतात. १९२५ मध्ये पॅरिसमध्ये भरलेल्या सजावटी व औद्योगिक कलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाशी हे नाव जोडलेले असून ठसठशीत भौमितिक आकार, गोलाई दिलेले कोपरे, आडव्या रेषांचा वेग आणि यंत्रयुगाविषयीचे आकर्षण ही तिची ठळक लक्षणे मानली जातात. मुंबईत ती रुजली याला केवळ फॅशन कारणीभूत नव्हती. लोखंडी सळ्यांभोवती काँक्रीट ओतून केलेले प्रबलित काँक्रीट, ज्याला बांधकामाच्या भाषेत आरसीसी म्हणतात, त्याच सुमारास सर्रास उपलब्ध होऊ लागले होते आणि त्यामुळे जाड दगडी भिंतींवाचून मजले चढवणे, भिंतीपासून पुढे झेपावणाऱ्या गोल बाल्कन्या काढणे आणि खिडक्यांवर लांबलचक छज्जे बसवणे शक्य झाले. खिडकीवर भुवईसारखा दिसणारा हा छज्जा मुंबईच्या पावसाला आणि पश्चिमेच्या उन्हाला दिलेले अचूक उत्तर होता. जहाजाच्या खिडकीसारखे गोल गवाक्ष, डेकवरच्या कठड्याची आठवण करून देणारे लोखंडी गज, गच्चीकडे पायरीपायरीने निमुळता होत जाणारा मधला भाग आणि सूर्यकिरण, लाटा किंवा कारंजे यांची उठावाची नक्षी या खुणांवरून ही शैली आजही चटकन ओळखता येते.

या घडामोडीत भारतीय वास्तुविशारदांचा वाटा मोठा होता आणि त्यांत गजानन बाबूराव म्हात्रे यांचे नाव अग्रभागी येते. १९०२ मध्ये जन्मलेल्या म्हात्र्यांनी इंग्लंडमध्ये वास्तुकलेचे शिक्षण घेतले होते. वीर नरिमन मार्ग आणि मरीन ड्राइव्ह यांच्या कोपऱ्यावर १९३७ मध्ये पूर्ण झालेला सूना महाल आणि ओव्हलसमोरील एम्प्रेस कोर्ट या त्यांच्या इमारती आजही त्या परिसराची ओळख आहेत. त्याच १९३७ साली भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घरांचे प्रदर्शन भरवले आणि नव्या पद्धतीचे स्वयंपाकघर, न्हाणीघर व फर्निचर यांची ओळख सर्वसामान्य लोकांना करून दिली. प्रदर्शनातून नुसत्या वस्तू दाखवल्या जात नव्हत्या. चाळ, वाडा आणि बंगला या तीन परिचित प्रकारांखेरीज चौथ्या पद्धतीनेही शहरात प्रतिष्ठेने राहता येते, ही कल्पना तिथे मांडली जात होती.

चौथी पद्धत म्हणजे फ्लॅट. एकाच इमारतीत, एकमेकांच्या डोक्यावर, परंतु स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि घरातच शौचालय असलेले हे राहणे त्या काळच्या सुखवस्तू कुटुंबांसाठीही नवे होते. त्या रचनेचे बारकावे आजच्या खरेदीदाराला जुन्या सदनिकेत जागोजागी भेटतात. मुख्य जिन्याशी जाळीच्या सरकत्या दाराची लिफ्ट असते, जिना टेराझोचा असतो, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे मिसळून, घासून गुळगुळीत केलेला असतो, आणि त्याचा कठडा प्रत्येक वळणावर न तुटता गोल वळत वर जातो. आत दिवाणखाना समुद्राच्या किंवा मैदानाच्या बाजूला, त्याला लागून बाल्कनी, दिवाणखान्याच्या दारांत कोरीव नक्षीची काच, मधल्या भागात जेवणाची जागा आणि सर्वांत मागे स्वयंपाकघर, ज्याच्याबाहेर नोकरांसाठी वेगळा अरुंद जिना काढलेला असतो. पुढचा देखणा जिना आणि मागचा अंधारा जिना ही दोन्ही त्या काळाची कागदपत्रेच आहेत; पहिला शैलीविषयी सांगतो, तर दुसरा समाजरचनेविषयी.

विक्रीस काय निघते?

अशी सदनिका विकली जाते असे आपण म्हणतो खरे, परंतु कायद्याच्या दृष्टीने तिच्यातील हक्क निदान दोन अगदी भिन्न प्रकारचे असू शकतात, आणि जुन्या मुंबईत घर घेऊ पाहणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न तोच असतो: जागा मालकीची आहे की पागडीची?

पागडीचा उगम भाडेनियंत्रणात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर शहरातील जागांची टंचाई इतकी वाढली की भाडेकरूंना संरक्षण देण्यासाठी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा करण्यात आला. त्याने प्रमाणित भाडे ही संकल्पना वापरली. म्हणजे १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच, अथवा जागा त्यानंतर प्रथम भाड्याने गेली असल्यास तिचे पहिले भाडे, हे कायम धरले जाऊ लागले. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षे टिकला. जागेचे बाजारमूल्य आकाशाला भिडले तरी भाडे जागचे हलले नाही, आणि भाडेकरूला सहसा बाहेर काढता येत नसल्याने त्याचा ताबा हीच मौल्यवान वस्तू बनली. मग ती जागा सोडताना नव्या येणाऱ्याकडून एकरकमी मोठी रक्कम घ्यायची, त्यातला ठरावीक हिस्सा, बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास, घरमालकाला द्यायचा आणि भाडेपावती नव्या माणसाच्या नावावर करून घ्यायची, असा रिवाज पडला. ही रक्कम म्हणजेच पागडी. १९४७ च्या कायद्याने ती गुन्हा ठरवली होती, तरी व्यवहार सर्रास चालत. अखेर ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ ने पागडी घेण्यादेण्यास कायदेशीर मान्यता दिली आणि भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्याची मुभा दिली.

त्याआधी, डिसेंबर १९९७ मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भाडे जुन्या आकड्यावर गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही असे स्पष्ट केले होते. नव्या कायद्याने सर्वांना सारखे वागवले नाही; बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेण्यात आले. दक्षिण मुंबईतील अनेक प्रशस्त सदनिका अधिकाऱ्यांच्या निवासासाठी कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या असत, त्यामुळे या एका तरतुदीने उच्चभ्रू वस्त्यांतील जागांच्या ताब्याची गणिते बदलली.

पागडीची जागा घेणारा मालक होत नाही, तो संरक्षित भाडेकरू होतो. त्याच्या हाती खरेदीखत न येता भाडेपावती येते. बँका अशा जागेवर सहसा गृहकर्ज देत नाहीत. भाडेकरूच्या मृत्यूनंतर हा हक्क प्रथम त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, आणि म्हणून परदेशी स्थायिक झालेल्या वारसांचा प्रश्न कित्येकदा न्यायालयात जाऊन पोहोचतो. त्याच इमारतीतील मालकीच्या सदनिकेपेक्षा पागडीची जागा स्वस्त मिळते ती या कारणांनी.

भागदाखल्याची किंमत

दुसरा प्रकार सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातील सोसायटीच्या फ्लॅटचा. या पद्धतीचा आरंभही मुंबईतच झाला. १९१५ मध्ये श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि तिला देशातील अशा संस्थांत आद्य मानले जाते. सोसायटीच्या रचनेत इमारत आणि जमीन किंवा जमिनीचा भाडेपट्टा संस्थेच्या नावावर असतो, सदस्याकडे संस्थेचे भाग असतात आणि त्या भागांच्या बळावर त्याला विशिष्ट सदनिका वापरण्याचा हक्क मिळतो. कपाटात जपून ठेवलेला, पिवळा पडलेला शेअर सर्टिफिकेटचा कागद, ज्याला मराठीत भागदाखला म्हणतात, त्यावर छापलेली रक्कम काही शे रुपयांची असली तरी त्याच्याबरोबर कोट्यवधींची सदनिका हस्तांतरित होते. अशा हक्काला संपत्ती म्हणायचे की नाही, हा प्रश्न १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता आणि भागांसोबत येणारा सदनिकेच्या वापराचा हक्क ही जप्त करता येण्याजोगी व विकता येण्याजोगी संपत्तीच आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

संस्था मध्ये असल्याने विक्रीच्या व्यवहारात तिला स्थान असते, पण ते अमर्याद नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खुल्या सदस्यत्वाचे तत्त्व मानतो, म्हणजे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. तसेच हस्तांतरणासाठी संस्था जी रक्कम घेते तिच्यावर महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. कोट्यवधींच्या व्यवहारात ही रक्कम किरकोळ आहे, आणि त्यातूनच एक अडचण उभी राहते: सदनिकेचे मोल वाढवणारा दर्शनी भाग सांभाळण्याचा खर्च संस्थेकडे, तर त्या वाढलेल्या मोलाचा जवळजवळ सारा लाभ विकणाऱ्या सदस्याकडे.

जमिनीचा प्रश्न या दोन्ही प्रकारांत उरतोच. भाडेपट्ट्याच्या जमिनीवर मुदत किती उरली आहे, नूतनीकरणाच्या अटी काय आहेत आणि हस्तांतरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी किंवा शुल्क लागते काय, हे मालमत्ता पत्रक आणि मूळ पट्टा वाचल्यावाचून कळत नाही. खर्चाचा हिशेबही मोठा असतो. मुंबईत मुद्रांक शुल्क पाच टक्के आणि मेट्रो उपकर एक टक्का, असे मिळून सहा टक्के भरावे लागतात, महिला खरेदीदाराला त्यात एक टक्क्याची सवलत मिळते आणि नोंदणी शुल्क कमाल ३०,००० रुपये असते. म्हणजे १० कोटी रुपयांच्या सदनिकेवर केवळ मुद्रांकापोटी साठ लाख रुपये जातात. क्षेत्रफळाविषयीही सावध राहावे लागते, कारण जुन्या कागदांत कधी बाहेरच्या भिंतींसह मोजलेले बिल्टअप क्षेत्र लिहिलेले असते, तर आज भाव कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळून प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या क्षेत्रावर बोलला जातो.

वारसा यादीने काय बदलते

इमारत हेरिटेज आहे असे सांगितले जाते तेव्हा तिला दोन वेगळ्या स्तरांवर मान्यता असू शकते, आणि या दोहोंची गल्लत नेहमी होते. पहिला स्तर स्थानिक कायद्याचा. मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. तिच्या यादीत ६३३ नोंदी होत्या आणि त्यांत सुट्या इमारतींबरोबर संपूर्ण परिसरांचाही समावेश होता. वास्तूंची विभागणी तीन श्रेणींत केली जाते: पहिल्या श्रेणीतील वास्तूंत बदलाला जवळपास वाव नसतो, दुसऱ्या श्रेणीत बाह्यरूप राखून मर्यादित बदल करता येतात आणि तिसऱ्या श्रेणीत नियम सर्वांत सैल असतात. बदलांचे प्रस्ताव मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे जातात आणि तिच्या सल्ल्यानुसार महानगरपालिका आयुक्त निर्णय घेतात.

दुसरा स्तर जागतिक मान्यतेचा. ३० जून २०१८ रोजी बहारीनमधील मनामा येथे भरलेल्या बैठकीत युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला वारसा यादीत स्थान दिले. ६६.३४ हेक्टरांच्या या क्षेत्रात ओव्हलच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशा एकोणिसाव्या शतकातील इमारती, तर पश्चिमेला विसाव्या शतकातील निवासी आर्ट डेको इमारती येतात आणि एका मैदानाच्या दोन काठांवर दोन शतके समोरासमोर पाहता येतात, हे त्याचे वैशिष्ट्य होय. हा प्रस्ताव वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी तयार केला आणि त्यामागे रहिवाशांच्या संघटनांचे अनेक वर्षांचे प्रयत्न होते. ओव्हल मैदानाच्या देखभालीसाठी याच परिसरातील रहिवासी त्याआधीपासून झटत आले होते. युनेस्कोच्या यादीने प्रतिष्ठा मिळते, पण खिडकी बदलायला मनाई करण्याचा अधिकार त्या यादीतून येत नाही. तो स्थानिक नियमांतूनच येतो.

नोंद नसेल तर काय होते, याचे उदाहरण मलबार हिलवर घडले. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचा मेहेरांगीर हा बंगला २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटी रुपयांना विकला गेला, स्मारक करण्याच्या मागण्या झाल्या आणि तरीही २०१६ मध्ये तो पाडण्यात आला. ऐतिहासिक महत्त्वाविषयी कोणाचे दुमत नव्हते; उणीव होती ती त्या महत्त्वाला बंधनकारक करणाऱ्या नियमाची. उलट बाजूने, श्रेणी लागलेल्या इमारतीच्या मालकाला अनुज्ञेय असलेले बांधकाम करता येत नाही, म्हणून तो गमावलेला हक्क शहराच्या दुसऱ्या भागात वापरण्यासाठी विकता यावा, अशी तरतूद वारसा नियमावलीत करण्यात आली. विकास हक्काच्या या हस्तांतरणाला बांधकाम व्यवसायात टीडीआर म्हणतात.

सळई, मीठ आणि खर्च

नियम इमारतीला माणसांपासून वाचवू शकतो, समुद्रापासून नाही. आरसीसीची ताकद आतल्या लोखंडी सळईत असते आणि काँक्रीटच्या अल्कधर्मी आवरणामुळे ती सळई बरीच वर्षे गंजत नाही. परंतु खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे क्लोराइड बारीक छिद्रांतून आत शिरते, हवेतला कर्बवायू आवरणाचा अल्कधर्म हळूहळू घटवतो आणि एकदा ओल सळईपर्यंत पोहोचली की गंज चढू लागतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुगते, आधी सळईच्या रेषेत केसासारखी चीर दिसते, मग गिलावा पोकळ वाजू लागतो आणि शेवटी त्याचे पोपडे गळून उघडी, तांबूस झालेली सळई बाहेर येते. ज्या छज्ज्यांनी आणि गोल बाल्कन्यांनी या शैलीला सौंदर्य दिले तेच भाग सर्वांत पातळ आणि सर्वांत उघड्यावर असल्याने झीज तिथूनच सुरू होते. अशा चिरांवर वरवर रंग मारून सदनिका विक्रीसाठी सजवता येते. म्हणून रंग ताजा असेल तर तपासणी अधिक बारकाईने करणे शहाणपणाचे ठरते.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची अभियंत्याकडून तपासणी, दर तीन वर्षांनी करावी, असे गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात. पागडीच्या इमारतींत स्थिती आणखी बिकट असते, कारण गोठलेल्या भाड्यातून दुरुस्ती करणे घरमालकाला परवडत नाही आणि मालक नसलेला भाडेकरू पदरमोड करायला कचरतो. यावर उपाय म्हणून १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापले आणि दुरुस्ती उपकर लावला. ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या अशा इमारतींना उपकरप्राप्त इमारती म्हणतात आणि त्या आता म्हाडाच्या, म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाच्या, कक्षेत येतात. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आणखी एक प्रकरण घालून, रहिवाशांपैकी सत्तर टक्क्यांनी मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादित करण्याची तरतूद झाली. मालकांनी तिला आव्हान दिले आणि त्यातून उद्भवलेल्या घटनात्मक प्रश्नावर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, सर्वच खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा बहुमताने निर्णय दिला. मुंबईच्या जुन्या घरांतून सुरू झालेला वाद देशाच्या मालमत्ताविषयक कायद्यापर्यंत पोहोचला तो असा.

गंजाखालोखाल नुकसान होते ते सुधारणांमुळे. सागवानी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या येतात, बाल्कनी काचेने बंद करून दिवाणखान्यात ओढली जाते, उठावाच्या नक्षीवर वातानुकूलन यंत्राचा सांगाडा बसतो, टेराझो उखडून संगमरवर घातला जातो. यांतील शेवटचा बदल घरापुरता राहतो, पण पहिले तीन संपूर्ण रांगेला उणेपणा आणतात, कारण चौथ्या मजल्यावरची एक बंद बाल्कनी पाचही मजल्यांच्या आडव्या रेषांची लय तोडते. प्रत्येक मालकाला आपला बदल क्षुल्लक वाटतो. वीस क्षुल्लक बदलांनंतर मात्र जाहिरातीत लिहिण्यासारखे फक्त समुद्राचे दर्शन उरते. दादर, माटुंगा आणि शिवाजी पार्क येथील मध्यमवर्गीय आर्ट डेको इमारतींवर तर पुनर्विकासाचा दबाव याहून तीव्र आहे; तिथे प्रश्न बाल्कनीचा नसून इमारत राहते की जाते, हा असतो.

या सर्वांतून खरेदीदारासाठी निघणारा निष्कर्ष व्यवहारी आहे. ऐतिहासिक सदनिका पाहायला गेल्यावर छताची उंची आणि लाद्यांचे नक्षीकाम जेवढे पाहावे, त्याहून अधिक लक्ष संस्थेच्या दप्तराकडे द्यावे: दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे, शेवटचे ऑडिट कधी झाले व त्यातील किती शिफारशी अमलात आल्या, दर्शनी भागाविषयी सर्वसाधारण सभेने एकसमान नियमांचा ठराव केला आहे काय आणि तो सभासद पाळतात काय. पागडीच्या जागेत हेच प्रश्न घरमालक आणि म्हाडा यांच्या बाबतीत विचारावे लागतील. संस्थांनीही हस्तांतरणाच्या किरकोळ रकमेवर विसंबून न राहता दर्शनी भागासाठी नियमित वर्गणीतून स्वतंत्र निधी उभारणे आवश्यक आहे, आणि वारसा म्हणून बंधने घालणाऱ्या शासनाने त्या निधीला करसवलतीच्या रूपाने हातभार लावणे न्यायाचे ठरेल. कारण रांग पाहण्याचा आनंद शहर फुकट घेते आणि तिचा खर्च मोजक्या घरांवर टाकते. असा वाटा ठरल्याशिवाय या सदनिकांचे भाव चढत राहतील, आणि ज्या गोष्टीसाठी ते चढतात ती मात्र झिजत जाईल.